चॅप्टर ४८ : भारत, चीन आणि आयात कागदाच्या दोन रेषा

माझ्या भाचीनं कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एक आलेख काढला आणि मला पाठवला. खाली सालं, बाजूला डॉलर, वर शीर्षक : 'कागद व पुठ्ठा, आयातीचं मूल्य'. दोन रेषा होत्या, एक भारताची, एक चीनची. चीनची रेषा बरीच वर आणि २०२० च्या सुमारास आणखी वर उसळलेली. आपली खालून हळूहळू चढणारी. तिचा निष्कर्ष असा, की चीन कागदासाठी बाहेरच्यांवर अवलंबून आहे आणि भारत त्या मानानं स्वयंपूर्ण आहे. "मावशी, तू रोज हेच काम करतेस ना, एकदा बघ," असा निरोपही होता.

आकडे तिनं नीट घेतले होते. निष्कर्ष मात्र त्या आकड्यांतून निघत नाही. का निघत नाही हे सांगायला लागले तेव्हा लक्षात आलं, की हे फोनवर उरकण्यासारखं नाही. शिवाय हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. म्हणून इथे लिहिते.

मी पनवेलला एका कस्टम्स ब्रोकरच्या ऑफिसात बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचं कस्टम्सकडे द्यायचं विवरण, भरते. न्हावा शेवा बंदरात उतरणाऱ्या मालाची कागदपत्रं आमच्याकडे येतात : इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग, सर्टिफिकेट ऑफ ओरिजिन. त्यावरून प्रत्येक मालाला आठ आकडी कोड लावायचा, वजन टाकायचं, मूल्य टाकायचं, मूळ देश टाकायचा आणि ते आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर चढवायचं. हीच माहिती पुढे कोलकात्याच्या वाणिज्य माहिती आणि सांख्यिकी महासंचालनालयाकडे जाते आणि तिथून देशाचा आकडा बनतो. कॉमट्रेड या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार-आकडेवारीच्या साइटवर जे 'भारत' म्हणून दिसतं, ते अशाच असंख्य ओळींची बेरीज असते. माझ्या हातून गेलेल्या ओळीही त्यात आहेत, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

कोडातले पहिले दोन आकडे म्हणजे चॅप्टर. कागद आणि पुठ्ठा म्हणजे चॅप्टर ४८. त्यात ४८०१ हा वर्तमानपत्राचा कागद, ४८०२ छपाई आणि लिखाणाचा, ४८०४ क्राफ्ट, म्हणजे खोक्यांचा जाड तपकिरी कागद, ४८१० आर्ट पेपर आणि कोटेड बोर्ड, ४८१९ तयार खोकी. शेजारचा चॅप्टर ४७ म्हणजे लगदा आणि रद्दी. रद्दीचा कोड ४७०७. छापलेली पुस्तकं चॅप्टर ४९ मध्ये. भाचीचा आलेख फक्त ४८ चा होता, आणि चीनची खरी गोष्ट ४७ आणि ४८ या दोघांच्या मध्ये घडली आहे.

१९९० च्या दशकात चीन बाहेरून भरपूर कागद विकत घेत होता. तिथल्या गिरण्या लहान, बऱ्याचशा पेंढ्यावर चालणाऱ्या, आणि त्या कागदाचा दर्जा बेताचा. डिसेंबर १९९७ मध्ये चीननं आपल्या इतिहासातली पहिली अँटी-डम्पिंग चौकशी, म्हणजे परदेशी माल अवाजवी स्वस्त विकला जातोय का याची चौकशी, सुरू केली, ती वर्तमानपत्राच्या कागदाची. अमेरिका, कॅनडा आणि दक्षिण कोरियाविरुद्ध. पोलाद नाही, रसायनं नाहीत, पहिला मान कागदाला मिळाला. त्यानंतर तिथे प्रचंड गिरण्या उभ्या राहिल्या. पण इतक्या गिरण्यांना पुरेल एवढं लाकूड चीनकडे नव्हतं. मग कच्चा माल आणला कुठून? अमेरिकेच्या कचऱ्यातून.

झांग यिन या बाईंनी हे सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर केलं. १९९० मध्ये त्यांनी लॉस एंजेलिसला रद्दी गोळा करून निर्यात करणारी कंपनी काढली आणि १९९५ मध्ये चीनच्या डोंगग्वानमध्ये नाइन ड्रॅगन्स ही गिरणी सुरू केली. चिनी माल घेऊन अमेरिकेला गेलेले कंटेनर परतताना रिकामेच यायचे, त्यामुळे परतीचं भाडं अगदी कमी पडायचं. त्या कंटेनरांत जुनी खोकी, म्हणजे आमच्या भाषेत ओसीसी, भरून चीनला यायची, तिथे त्यांचा नवा क्राफ्ट पेपर व्हायचा, त्याची खोकी व्हायची आणि त्या खोक्यांत टीव्ही-खेळणी भरून पुन्हा अमेरिकेला जायची. २००६ मध्ये झांग यिन चीनमधल्या सर्वांत श्रीमंत व्यक्तींच्या हुरुन यादीत पहिल्या आल्या. रद्दीतून. मला ही हकिकत फार आवडते. आमच्या ऑफिसात नवीन मुलगा आला की कोड शिकवायच्या आधी मी त्याला ही सांगते.

आता हे चॅप्टरच्या हिशोबात बघा. रद्दी आली ती ४७ मध्ये मोजली गेली. कागद चीनमध्येच बनला, म्हणून ४८ ची आयात कमी दिसली. आणि टीव्हीभोवतीचं खोकं? ते कागद म्हणून कुठेच मोजलं जात नाही. वर्गीकरणाचा नियमच असा आहे, की मालासोबत येणारं नेहमीचं पॅकिंग त्या मालाच्याच कोडमध्ये जातं. टीव्ही ८५ मध्ये, तर त्याचं खोकंही ८५ मध्ये. जगात कितीतरी पुठ्ठा असा बिननावाचा देशोदेशी फिरतो. चीन २००९ च्या सुमारास अमेरिकेला मागे टाकून जगातला सर्वांत मोठा कागद उत्पादक झाला, वर्षाला दहा कोटी टनांच्या पुढे गेला, आणि या सगळ्या काळात त्याची ४८ ची रेषा काही फार मोठं सांगत नव्हती.

मग जुलै २०१७ मध्ये चीननं जागतिक व्यापार संघटनेला कळवलं, की विशिष्ट प्रकारचा परदेशी कचरा यापुढे नको. २०१८ च्या सुरुवातीपासून न निवडलेली मिश्र रद्दी बंद. मार्च २०१८ पासून बाकीच्या रद्दीत भेसळ अर्ध्या टक्क्यापेक्षा जास्त चालणार नाही अशी अट. रद्दीच्या गठ्ठ्यात प्लास्टिक, काच, ओला कचरा किती असतो हे ज्यानं सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर उघडण्याच्या गोदामात, उभं राहून पाहिलंय त्याला विचारा. अर्धा टक्का ही अट म्हणजे जवळजवळ मनाईच. आणि १ जानेवारी २०२१ पासून पूर्ण मनाई आलीच. २०१६ मध्ये चीननं सुमारे २.८५ कोटी टन रद्दी आणली होती. २०२० मध्ये ती ७० लाख टनांच्या खाली आली. त्यानंतर जवळजवळ काही नाही.

पण खोकी तर लागतातच. कारखाने चालू, ऑनलाइन खरेदी वाढलेली. त्यामुळे जी गोष्ट रद्दी म्हणून यायची ती तयार रीळ म्हणून यायला लागली. चीनची कागद-पुठ्ठ्याची आयात २०१८-१९ मध्ये साठ-बासष्ट लाख टनांच्या आसपास होती, ती २०२० मध्ये एक कोटी टनांच्या बरीच पुढे गेली. चिनी कंपन्यांनी मलेशिया, व्हिएतनामसारख्या देशांत गिरण्या टाकल्या, रद्दी तिथे धुतली, तिचा कागद किंवा लगदा केला आणि तो मायदेशी पाठवला. लगदा झाला की तोही पुन्हा ४७ मध्येच, ४७०६ या कोडखाली, पण आता तो 'कचरा' नाही.

आलेखावरची ती उसळी ही आहे. चीन एकाएकी कागदाला महाग झाला म्हणून रेषा चढली असं झालेलं नाही. त्यानं आपल्या दारातला घाणेरडा टप्पा दुसऱ्यांच्या दारात नेला, एवढंच झालं. तंतू तोच, पण दाखल होण्याचा कोड बदलला, आणि रद्दीपेक्षा तयार कागद टनाला कितीतरी महाग असल्यामुळे त्याच तंतूची डॉलरमधली नोंदही मोठी झाली.

दुसऱ्यांचं दार म्हणजे कोणाचं? त्यात आपलंही होतं. २०१८ नंतर अमेरिकेत मिश्र रद्दीचा भाव शून्यावर आला. तिथल्या काही शहरांना ती उचलायला उलट पैसे मोजावे लागले. त्यातला मोठा वाटा भारताकडे वळला. न्हावा शेवा, मुंद्रा, पिपावाव, तुतिकोरिन. इथून वापी, मोरबी, मुजफ्फरनगरकडे. आज भारत जगातल्या सर्वांत मोठ्या रद्दी आयातदारांपैकी एक आहे. आपल्याकडच्या कागदाचा मोठा भाग रद्दीपासूनच बनतो. १९८८ च्या वन धोरणानं कारखान्यांना नैसर्गिक जंगलातलं लाकूड देणं थांबवून, त्यांनी शेतकऱ्यांकडून झाडं लावून घ्यावीत अशी दिशा दिली. जंगलासाठी ते योग्यच झालं, असं माझं ठाम मत आहे. पण त्यामुळे चंद्रपूरच्या बल्लारपूर गिरणीसारखी बांबू-लाकडावर उभी राहिलेली गिरणी एकीकडे आणि रद्दीवर वाढलेल्या शेकडो लहान गिरण्या दुसरीकडे, असं आपल्या कागदधंद्याचं चित्र बनलं.

म्हणजे भाचीच्या आलेखात भारताची रेषा खाली आहे, याचं एक मोठं कारण हे, की आपण जे आणतो त्यातलं पुष्कळसं ४७ मध्ये बसतं. स्वयंपूर्णता म्हणावी असं त्यात फार नाही. दुसरं कारण तर अगदी साधं आहे. भारतात माणशी वर्षाला साधारण पंधरा किलो कागद वापरला जातो. चीनमध्ये त्याच्या पाचपटीहून जास्त. लोकसंख्या सारखी, पण वापर इतका वेगळा. कमी वापरणारा कमी आणतो.

२०२०-२१ मध्ये तर या दोन रेषा आमच्या डोळ्यांसमोर एकमेकींत गुंतल्या. चीनला रद्दी बंद झाली, तशी आपल्या क्राफ्ट गिरण्यांना चीनमधून रिळांची मागणी आली. अमेरिकेतली रद्दी न्हावा शेवाला उतरायची, वापीला जायची, तिचा क्राफ्ट व्हायचा आणि तो परत जहाजावर चढून चीनला जायचा. भारताच्या खात्यात ४७ ची आयात, चीनच्या खात्यात ४८ ची. त्याच वेळी करोनामुळे इथली रद्दी कमी गोळा होत होती, कंटेनर मिळत नव्हते. भिवंडी, वसई, चाकणच्या बॉक्सवाल्यांना क्राफ्ट मिळेना, मिळाला तर परवडेना. बॉक्स बनवणाऱ्यांनी सरकारकडे धाव घेतली, निर्यातीवर लगाम घाला म्हणून. आमच्याच एका पार्टीचा धाकटा मालक रोज फोन करायचा, "ताई, कंटेनर सुटला का?" मशीन उभं, कामगार बसून, आणि माल सीएफएसमध्ये अडकलेला. त्या मुलाचा आवाज मला आजही आठवतो. ज्या वर्षी चीनची रेषा आलेखावर एवढी उंच गेली, त्याच वर्षी चाकणला लहान कारखानदाराची झोप उडाली होती. ही दोन वेगळी प्रकरणं नाहीत.

आणि एक गोष्ट मला मनापासून खटकते. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून कचरावेचकांना संघटित करते आहे; त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली. दारोदार जाऊन रद्दी वेगळी करणाऱ्या त्या बायकांच्या हातची रद्दी आणि ह्यूस्टनहून आलेला गठ्ठा गिरणीच्या दारात शेजारी शेजारी उभे राहतात. बाहेरची स्वस्त झाली की इथला भाव पडतो. आपल्याकडे कितीतरी चांगला कागद ओल्या कचऱ्यात मिसळून फुकट जातो, आणि आपण परक्या देशाची रद्दी डॉलर मोजून आणतो. घरचा सुका कचरा वेगळा ठेवणं ही आपण स्वच्छतेची बाब मानतो. ती परकीय चलनाचीही आहे.

आता मूल्याबद्दल, कारण आलेखाच्या बाजूला डॉलर लिहिलेले असतात. आयातीचं मूल्य सीआयएफ धरलं जातं : मालाची किंमत, अधिक विमा, अधिक जहाजभाडं. २०२१ मध्ये कंटेनरची भाडी काही मार्गांवर कित्येक पटींनी वाढली. कागद तेवढाच, जाडी तीच, रिळं तेवढीच. बिल ऑफ एंट्रीवरचा आकडा मात्र फुगलेला. त्याच सुमारास लगद्याचे भावही चढले. त्या वर्षीचा चढ पाहून 'आयात वाढली' असं म्हणायच्या आधी वजनाचा रकाना बघावाच लागतो. २०२३ मध्ये उलटं झालं. कागद उत्पादकांच्या संघटनेच्या आकड्यांनुसार २०२३-२४ मध्ये भारतात सुमारे १९.३ लाख टन कागद-पुठ्ठा आला, आदल्या वर्षापेक्षा ३४ टक्के जास्त. पण जागतिक भाव उतरलेले होते, म्हणून पैशाची रेषा तेवढी चढली नाही. इथल्या गिरण्यांना ज्या वर्षी आयातीचा एवढा चटका बसला, ते वर्ष डॉलरच्या आलेखात तितकं भयंकर दिसत नाही.

रुपयाचंही तसंच. समजा टनाला ५०० डॉलर भाव आहे आणि तो बदललाच नाही. २०१० च्या सुमारास डॉलर ४५ रुपये होता, तेव्हा तो टन साडेबावीस हजारांना पडला असता. डॉलर ८३ झाल्यावर तोच टन साडेएकेचाळीस हजारांना. डॉलरचा आलेख सपाट, रुपयाचा जवळजवळ दुप्पट. प्रेसवाला रुपयात पैसे मोजतो, हे अर्थशास्त्राच्या प्रोजेक्टमध्ये कुठेतरी यायला हवं.

साल जुळवणं हे आणखी एक. आपले सरकारी आकडे एप्रिल ते मार्च, चीनचे जानेवारी ते डिसेंबर. कॉमट्रेडवर आपलेही कॅलेंडर वर्षाचे मिळतात, पण एक रेषा इथून आणि दुसरी तिथून घेतली की २०२० सारख्या वर्षी तुलना कोलमडते. आपल्या २०१९-२० मध्ये टाळेबंदीचा जेमतेम एक आठवडा आहे. हाँगकाँगचे आकडे वेगळे नोंदले जातात, हेही चीनच्या बाबतीत ध्यानात ठेवावं.

वर्तमानपत्राच्या कागदाबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवणार नाही. माझे वडील रोज दोन मराठी पेपर घ्यायचे, आणि त्या कागदामागे केवढं राजकारण आहे हे मला या नोकरीत आल्यावर कळलं. स्वातंत्र्यानंतर देशातली पहिली न्यूजप्रिंट गिरणी नेपानगरला झाली, भुसावळ-खंडवा मार्गावर, आपल्या जळगाव जिल्ह्याच्या शेजारी. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी ती देशाला अर्पण केली. तिचा कागद पुरायचा नाही. परदेशी कागद सरकारी स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फतच यायचा आणि कोणत्या पेपरला किती मिळणार हे सरकार ठरवायचं. पानांच्या संख्येवर घातलेली मर्यादा सर्वोच्च न्यायालयानं १९७२ मध्ये रद्द केली. १९८१ मध्ये कागदावर आयात शुल्क लागलं, तेव्हा वर्तमानपत्रं पुन्हा न्यायालयात गेली आणि १९८४ मध्ये सरकारला फेरविचार करायला सांगण्यात आलं. आयात शुल्काचा एक आकडा लोकांच्या हातात किती पानं पडतील हे ठरवू शकतो, हे त्या निकालांतून अगदी स्पष्ट होतं. जुलै २०१९ च्या अर्थसंकल्पात न्यूजप्रिंटवर पुन्हा १० टक्के शुल्क आलं, फेब्रुवारी २०२० मध्ये ते ५ टक्के झालं. मग करोना आला, पेपर घरी येणं थांबलं, आणि पुष्कळ घरांत ते पुन्हा सुरूच झालं नाही. ४८०१ ची रेषा बरीच खाली आली. ती घसरण बघून कोणी 'आयात घटली, छान' म्हणालं तर मला वाईट वाटेल. तो कागद आपण इथे बनवायला लागलो म्हणून ती रेषा खाली आलेली नाही. वाचणारे हात कमी झाले.

भाचीला मी सांगितलं ते असं. ४७०७, ४७०६ आणि ४८ एकाच पानावर काढ, दोन्ही देशांचे. डॉलरच्या शेजारी टनांचा आलेख ठेव आणि एकाला दुसऱ्यानं भागून टनाचा भाव काढ. ४८०१ वेगळा काढ, तो बाकीच्या कागदांत मिसळू नकोस. भारताच्या रेषेवर २०१० ला खूण कर, कारण आसियान, म्हणजे आग्नेय आशियाई देशांचा गट, आणि दक्षिण कोरिया यांच्याबरोबरचे व्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाले आणि त्या देशांच्या कागदावरचं शुल्क टप्प्याटप्प्यानं शून्यावर आलं. चीनच्या रेषेवर २०१८ आणि २०२१. ऑक्टोबर २०२२ लाही भारताच्या बाजूला खूण हवी. त्या महिन्यापासून कागदाच्या आयातीची आगाऊ नोंदणी सक्तीची झाली.

शेवटची खूण अजून ताजी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये व्हर्जिन मल्टिलेअर बोर्डावर, म्हणजे रद्दीऐवजी नव्या लगद्यापासून केलेल्या अनेक थरांच्या पुठ्ठ्यावर, टनाला ६७,२२० रुपये किमान आयात किंमत लावली गेली, ३१ मार्च २०२६ पर्यंतची. औषधांची, सौंदर्यप्रसाधनांची खोकी होतात तो हा बोर्ड. ती लागू असताना त्या किमतीच्या खाली माल आणता येत नाही, म्हणजे या कोडांचा टनाचा भाव त्या महिन्यांत वर दिसायला हवा आणि वजन खाली. मूल्याची रेषा कुठे जाईल, हे त्या दोघांपैकी कोण जास्त हललं यावर ठरेल. तिला मी सांगितलंय, की प्रोजेक्टची मुदत संपली तरी या कोडांचे महिन्यामहिन्याचे आकडे उतरवून ठेव. मीही ठेवते आहे.